रॉडचं टोक

बस खाली. आइसबॉक्सवर नको, तो मासा ठेवायला आहे. तिथे दोरीच्या भेंडोळ्याशेजारी बस आणि फोन माझ्याकडे दे. बंद करून दे. बंदराला लागायच्या आधीच घरी फोन लावून "मोठा तलवार मासा होता, सुटला" असं सांगत होतास, ते मी सुकाणूवरून ऐकलं. सुटला कुठला? तू घालवलास. आणि घालवलास तो मासा समोर येण्याच्या कितीतरी आधी.

"काका, माझी पहिलीच खेप" हे रडगाणं माझ्यापुढे गाऊ नकोस. पहिल्या खेपेला कोणालाच येत नाही, आणि न येणाऱ्यावर मी कधी आवाज चढवत नाही. जो सांगितलेलं ऐकून घेतो, मान डोलावतो आणि मग स्वतःच्या मनाचं करतो, त्याच्यावर चढवतो. तुला काल सगळं सांगितलं होतं. तू हो हो म्हणालास आणि तुझ्या नव्या रिळाचे फोटो काढत बसलास.

त्या रिळाचंच आधी बोलू, कारण सगळी घमेंड तिथे आहे. इलेक्ट्रिक रीळ घेतलंस, छान केलंस. पण ते मासा पकडतं असं तुला कोणी सांगितलं? चार-पाच किलोचं शिसं अर्धा किलोमीटर खोलीवरून वर आणायचं, आमिष शाबूत आहे का बघायचं आणि परत सोडायचं, हे दिवसभर हाताने करताना खांदे निखळतात. ते काम वाचवायला ही मोटर. बटण दाबलं की ती दोरी गुंडाळते, तिला एवढंच कळतं. खाली कोणी आमिषाला शिवलं, हे तिला कळत नाही. दोरी सैल का पडली, हेही नाही. ते तुला कळायला हवं होतं. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन तर मोटरच्या रिळाने धरलेला मासा विक्रमाच्या वहीत घेतच नाही. त्यांच्याकडचा आजवरचा सगळ्यांत मोठा तलवार मासा 1182 पौंडांचा, म्हणजे 536 किलोंचा. लुई मॅरन नावाच्या माणसाने 7 मे 1953 रोजी चिलीतल्या इकिकेजवळ तो धरला, हाताने फिरवायच्या रिळावर. एवढी वर्षं झाली, नवनवी रिळं आली, तो आकडा हललेला नाही.

आणि सकाळी मोठ्या ऐटीत मला म्हणालास, "काका, मी 'एका कोळियाने' वाचलंय, मला अंदाज आहे." कसला अंदाज? हेमिंग्वेच्या म्हाताऱ्याचा मासा मार्लिन. आपला मासा वेगळा, त्याचं कूळही वेगळं. पाणी मात्र तेच. हाच गल्फ स्ट्रीमचा प्रवाह, तो म्हातारा पलीकडच्या क्यूबाच्या अंगाला होता आणि आपण अलीकडे फ्लोरिडा कीजच्या. पण त्याचा मासा शंभर वाव पाण्यात आमिषाला लागला. आपण आज इस्लामोराडाहून पंचवीस-तीस मैल बाहेर जाऊन पंधराशे ते अठराशे फुटांवर गळ टाकला. कोळ्यांच्या हिशेबात अडीचशे-तीनशे वाव. तिथे म्हाताऱ्याची युक्ती चालत नाही. मालवणच्या जेटीवर लहानपणी गरवायचास तीही नाही.

खाली काय आहे याचा विचार तरी केलास का कधी? म्हाकूळ आणि बारीक मासळी दिवस उजाडला की उजेडापासून पळून खोल जाते आणि अंधार पडला की वर येते. तलवार मासा तिच्या मागे रोज वरखाली करतो. रात्री तो वरच्या पाण्यात असतो, म्हणून 1970 च्या दशकात इथल्या लोकांनी त्याला रात्री गरवायला सुरुवात केली. दिवसा तो कुठे जातो याचा पुरावा 1967 सालीच मिळाला होता. ॲल्विन नावाची संशोधनाची पाणबुडी अमेरिकेच्या याच आग्नेय किनाऱ्यापलीकडे दोन हजार फुटांवर उतरलेली असताना एका तलवार माशाने तिच्यावर झडप घातली आणि त्याची तलवार पाणबुडीच्या अंगात रुतून बसली. सुटताच येईना. शेवटी पाणबुडी त्याच्यासकट वर आली आणि मंडळींनी तो शिजवून खाल्ला. भरदिवसा, तळाजवळ, आणि एवढा तापट. तरी फ्लोरिडात दिवसा तळाशी गळ टाकायची पद्धत बसवायला पुढे पस्तीसेक वर्षं गेली. 2003 मध्ये याच इस्लामोराडाच्या रिचर्ड स्टॅन्झिक आणि विक गॅस्पेनी यांनी ती बसवली. दिवसा हा मासा अशा रीतीने धरता येतो यावर त्याआधी कितीजणांचा विश्वास बसला असता?

त्या थंडगार काळोखात तो शिकार कशी करतो, तेही ऐक. त्याच्या डोळ्यांमागे, स्नायूचं रूप पालटून बनलेला एक अवयव असतो. तो डोळे आणि मेंदू गरम ठेवतो. फ्रान्सिस कॅरी या शास्त्रज्ञाने 1982 साली हे दाखवून दिलं. डोळा गरम असला की तो झपाट्याने हलणारी वस्तू नीट टिपतो. म्हणजे तू खाली सोडलेलं आमिष त्याला तुझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. ते खोटं वागलं तर तेही दिसतं.

आता त्या आमिषाकडे येतो. हे बघ, हे तुझं सकाळचं म्हाकूळ. वर आलं तेव्हा कसं होतं ते आठवतंय? डोकं घसरून गळाच्या वळणात गोळा झालेलं आणि खालचं अंग मोकळं लोंबतंय. असं गाठोडं कोण खाणार? मी सांगितलं होतं की मेणाच्या दोऱ्याने डोकं अंगाला शिव, टाके जवळजवळ घाल आणि गळाचा दांडा आत पक्का बांध, फक्त टोक बाहेर राहू दे. तू चार टाके घातलेस आणि म्हणालास, "पुरे आहे." पुरे आहे की नाही हे ठरवणारा तू कोण? मोठ्या तलवार माशाला दात नसतात, खवलेही नसतात. तो आधी तलवारीने आमिषाला मारतो, लुळं करतो आणि मग गिळतो. म्हणजे तुझं आमिष मार खाण्यासाठीच जातं. पहिल्या तडाख्यात शिवण उसवली तर दुसऱ्या वेळी तो कशाला तोंड लावील? बोनिटो माशाच्या पोटाची पट्टी घेतलीस तरी तेच. दोन्ही बाजू सारख्या कापायच्या, शेपटीकडे निमुळती करायची. जरा तिरकी कापली की पाण्यात ती भोवऱ्यासारखी फिरते, तंगुसाला पीळ बसतो आणि अर्धा किलोमीटर खाली तुझ्या दोरीचा वेणीसारखा गुंता होतो. म्हणून आमिष खाली सोडायच्या आधी बोटीच्या कडेला पाण्यात धरून ओढून बघायचं. सरळ पोहतंय का? फिरत असेल तर सोडव आणि परत शिव. याला मिनिटभर लागतं. तुला ते मिनिट जड झालं. नंतर पाऊण तास फिरणारं आमिष घेऊन आपण तळाशी बसलो ते जड नाही झालं?

दिव्याचंही तसंच. गळापासून काही फूट वर तो लुकलुकणारा छोटा दिवा अडकवायचा असतो, कारण तिथे सूर्य पोचत नाही. तू तो पेटतोय का ते न बघता अडकवलास. दुसऱ्या खेपेला वर आला तो आंधळाच. बॅटरी गेलेली. मी काही बोललो नाही, म्हटलं बघू स्वतःहून लक्षात येतं का. नाही आलं.

बरं, रचना तरी नीट ध्यानात आहे का? सांग पाहू. नाही सांगता येत. मुख्य दोरी विणलेली, पासष्ट-ऐंशी पौंडांची. ती बारीक असते म्हणून प्रवाहाचा रेटा कमी घेते आणि ताणली जात नाही म्हणून तळाचा टिचकीएवढा धक्का वर रॉडला पोचतो. तिथे नायलॉनची लांबलचक दोरी बांधली असतीस तर रबरासारखी ताणली असती आणि तुला काही कळलंच नसतं. तिच्या पुढे शंभर-दीडशे फूट जाड तंगूस, त्याच्या वरच्या टोकाशी शिसं, खालच्या टोकाशी आमिष, मध्ये दिवा. शिसं म्हण, लोखंड म्हण, इथे तर लोक सिमेंट ओतूनही वजन करतात, कारण ते कधीकधी खालीच राहतं. शिसं आणि आमिष एवढे लांब ठेवतात ते कशासाठी? मासा आमिष घेऊन वळेल तेव्हा त्याच्या नाकाशी शिसं लटकू नये म्हणून. हे सगळं काल फळ्यावर काढून दाखवलं होतं मी.

आणि आता पहिल्या खेपेची ती मोठी करामत. मी सुकाणू धरलं होतं, बोट हळूहळू पुढे नेत होतो. म्हटलं, आमिष सोड, तंगूस पूर्ण जाऊ दे, मागे सरळ ताणला गेला की शिसं अडकव आणि अंगठ्याने रीळ आवरत सावकाश उतरव. बोट पुढे चालत असते तेव्हा आमिष मागे तिरकं राहतं आणि शिसं पुढून उतरतं, दोघांची गाठ पडत नाही. तुला घाई. आमिष सोडून अजून दहा वाव गेलं नव्हतं तोवर शिसं लावलंस आणि रीळ मोकळं सोडलंस. शिसं सुसाट खाली, आमिष मागून घसरत त्याच्यावर आलं आणि तंगूस मुख्य दोरीला असा गुंडाळला की वर आल्यावर सोडवायला चाकू लागला. पाचशे मीटरचा फेरा फुकट. तुझं तोंड तेव्हा उतरलं होतं, म्हणून मी गप्प राहिलो. आता राहणार नाही.

पुढे काय करायचं होतं, तेही मीच बघितलं. शिसं तळाला टेकलं की रॉडचं टोक हलकं होऊन सरळ होतं. तेवढ्यात पन्नास-शंभर फूट वर उचलायचं, नाहीतर खडकाला अडकलंच म्हणून समज. मग मी बोटीचं तोंड दक्षिणेला वळवतो, प्रवाहाच्या तोंडावर. इथे पाणी उत्तरेला धावतं, दोन नॉट, कधी चार. इंजिन चालू ठेवून त्याच्याशी झुंजायचं, तरी बोट मागे मागे उत्तरेकडे सरकत राहते आणि दोरी जवळपास उभी राहते. ती उभी ठेवणं हे माझं काम, तांडेलाचं. दर पंधरा-वीस मिनिटांनी शिसं पुन्हा टेकवून तळ तपासणं हे तुझं. तळ सपाट नसतो, कडे असतात, उतार असतात. तू दीड तासात एकदाही टेकवलं नाहीस. त्या काळात आपण उताराच्या पुढे जाऊन तळापासून किती वर लटकत होतो याची तुला कल्पना आहे?

आता मुख्य गोष्ट. बघतोयस ना माझ्याकडे? तशीच नजर दुपारी रॉडच्या टोकावर हवी होती.

अर्धा किलोमीटर खोल पाण्यात काय चाललंय याची खबर देणारी एकच जागा वर आहे, ते रॉडचं टोक. बोट हेलकावे खाते तेव्हा ते लाटेबरोबर वर-खाली होतं, एका लयीत. ती लय डोळ्यांत बसवायची. मग कधीतरी तिच्यात न बसणारा एक धक्का येतो. बारीकसा. नवख्याला वाटतं लाटच. तीनशे किलोचा मासा असला तरी पहिला धक्का असाच, कारण तो तलवारीने टिचकी मारून बघतो. तो धक्का दिसला की सावध व्हायचं, खाली पन्नासेक फूट दोरी सोडायची, जेणेकरून मार खाल्लेलं म्हाकूळ लुळं होऊन खाली बुडतंय असं त्याला वाटावं. मग दोरी आवळून टोक हळूच वाकतं का ते बघायचं. हे सगळं डोळ्याने.

दुपारी तो धक्का आला. मी सुकाणूवरून पाहिला. तुझी मान खाली होती. ओरडलो, तेव्हा तू म्हणालास "फक्त मेसेज बघत होतो." फक्त! त्या "फक्त"मध्येच माशाने आमिष उचललं होतं. तरीही तो लागला, ते तुझं नशीब. टोक वाकलं, मी बोट पुढे मारली, गळ बसला. आणि मग तू जे केलंस ते पाहून मला डोक्यावर हात मारून घ्यावासा वाटला.

टोक एकदम सरळ झालं. दोरी सैल. तू रिळाचं बटण सोडलंस, मागे वळलास आणि हात झटकून म्हणालास, "गेला." अरे, दोरी सैल पडली म्हणजे मासा गेला, हे कोणत्या शाळेत शिकवतात? तलवार मासा गळ लागल्यावर अनेकदा वर धावतो. तो तुझ्या दिशेने येत होता! तो वर येतोय आणि दोरी लांबच्या लांब सैल पडतेय, म्हणून टोक सरळ. अशा वेळी जीव खाऊन गुंडाळायचं, मी बोट पुढे नेतो ती दोरी ताणण्यासाठीच, आणि तू थांबलास. मी शिव्या घातल्या तेव्हा पुन्हा बटण दाबलंस. तोवर त्या सैल दोरीत त्याने दोनदा डोकं झाडलं असणार. तरी ताण लागला. सुदैव माशाचं नव्हतं, तुझंच होतं.

आणि ते तू कसं वापरलंस? ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आवळून. "पक्का धरायला पाहिजे ना काका!" माशाचं तोंड मऊ असतं, किती वेळा सांगायचं? गळ हाडात बसेलच असं नाही, मांसात बसतो, जोर लावला की फाडत फाडत बाहेर येतो. आठवून सांग, काल ताणकाट्यावर ड्रॅग किती लावला होता? बारा पौंड. आणि पाण्यात पडलेल्या अर्ध्या किलोमीटर दोरीचा बाक आपला ओढा वेगळाच लावतो, तो तुझ्या ड्रॅगवर आणखी. तू ड्रॅगचं चाक पुढे ढकललंस, आणि तिसाव्या का चाळिसाव्या वावेला दोरी हलकी झाली. या वेळी खरंच हलकी. गळ वर आला तो मोकळाच, टोकाला मांसाचा तुकडा.

चेहरा पाडू नकोस, अजून संपलेलं नाही. समज, तो वर आला असता. मग काय करणार होतास? शिसं रॉडपाशी आलं की तंगुसावरून काढून डेकवर ठेवायचं, ते हवेत झुलत राहिलं तर कोणाच्या तरी कपाळावर बसतं. तंगूस हातात घ्यायचा पण हाताला गुंडाळायचा नाही. बोट दिसली की हा मासा पुन्हा तळाकडे सूर मारतो, आणि गुंडाळलेला हात त्याच्याबरोबर जातो. आधी हार्पून, दोरी बांधलेला, मग आकडी. आणि त्याच्या तलवारीच्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही. ती चपटी, दोन्ही कडांनी धारदार, आणि तो मेल्यासारखा दिसतो तेव्हाच जास्त हलवतो. पाणबुडीत घुसवणारा मासा तुझ्या पोटरीचा विचार करणार नाही.

सकाळचा तो लहान मासा आठव. तू टेप घेऊन तलवारीच्या टोकापासून मोजत होतास आणि "बसतो की!" म्हणत होतास. तलवारीच्या टोकापासून मोजलं तर बोंबीलही बसेल! नियम खालच्या जबड्याच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत 47 इंचांचा आहे. तो बसत नव्हता, सोडला, आणि तू तोंड वाकडं केलंस. तुला माहीत आहे का, आज तू इथे दिवसा गळ टाकू शकतोस ते कशामुळे? 1990 च्या दशकात उत्तर अटलांटिकात हा मासा एवढा उपसला गेला होता की बाजारात येणारे बरेचसे पोरवयाचे असत. 1998 मध्ये अमेरिकेतल्या कितीतरी शेफनी तो आपल्या हॉटेलांत शिजवायचाच नाही असं ठरवलं. 1999 मध्ये मासेमारीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने साठा सावरायची दहा वर्षांची योजना आखली. 2001 मध्ये फ्लोरिडाच्या पूर्व किनाऱ्यालगत हजारो गळांच्या लाँगलाइन लावायला बंदी झाली. 2009 पर्यंत साठा सावरला. कोणीतरी लहान मासा सोडला म्हणून तो सावरला. लाँगलाइनवाल्यांच्या पोटावर पाय आला तेव्हा त्यांनी रडारड केली, ती खरी होती. तुझं कसलं पोट? तू हौशी. परवाना घेतलायस, तर किती मासे किनाऱ्यावर आणले ते चोवीस तासांत कळवायचंही असतं. त्याचा अर्ज मी भरणार नाही. आज काही भरायचंच नाही, तेही तुझ्याच कृपेने.

विचारू नकोस की परत बोटीवर घेणार का. पुढच्या रविवारी पहाटे साडेचारला इथे ये. रीळ घरी ठेव, माझं हाताचं रीळ आहे. आल्या आल्या बोटीवर चढायचं नाही. त्या टेबलाशी बसून म्हाकुळं शिवायची. प्रत्येक शिवलेलं मी हाताने ओढून बघणार. सुटलं की फेकणार, आणि तू नवं घ्यायचंस. ती बरी झाली की त्या बादलीत पाणी भर आणि प्रत्येक आमिष ओढून दाखव, सरळ जातंय का. मग दिवे पेटवून दाखव. मग ताणकाट्यावर ड्रॅग लाव, बारा पौंड, आणि त्या चाकावर माझी निळी पट्टी चिकटव. त्या पट्टीच्या पुढे चाक गेलं तर बोट मी परत फिरवतो. सुकाणूवर बसून मी तुझ्या मानेकडे बघत असणार. ती खाली गेलेली दिसली की पुढच्या खेपेला तू किनाऱ्यावर. तो फोन, तो गाडीत ठेवून ये. आता ऊठ आणि डेक धू. खालच्या कोपऱ्यात तुझ्या पहिल्या आमिषाचे चार टाके पडलेत, तेही उचल.